समुद्रातल्या वायूवरचं माझं पहिलं व्याख्यान

व्यापारी मंडळाचे चिटणीस दुपारी आमच्या दुकानात आले तेव्हा मी जेवून माडीवरून खाली उतरत होते. त्यांचा चेहरा उतरलेला होता. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, गादीवर सरकून त्यांना जागा करून दिली.

"पाव्हणं येत न्हाईत," चिटणीस म्हणाले. "आत्ताच मुंबईहून ट्रंककॉल आला. ताप भरलाय म्हणं त्यांना. उद्याचं व्याख्यान गेलं."

मंडळ दरवर्षी एक व्याख्यान ठेवत असे. त्या वर्षी मुंबईचे एक नावाजलेले अर्थतज्ज्ञ येणार होते आणि विषय होता 'समुद्रातील नैसर्गिक वायू आणि सरकारचे करउत्पन्न'. सत्तरच्या दशकाचा शेवट होता. मुंबईसमोरच्या समुद्रात तेल सापडून काही वर्षं झाली होती. तेलाबरोबर निघणारा वायू आधी तिथेच जाळून टाकत, तो आता नळातून किनाऱ्यावर यायला लागला होता. पेपरात रोज काहीतरी असायचं. सोलापुरातल्या व्यापाऱ्यांना त्यात रस होता तो एका साध्या कारणासाठी. सरकारला एवढं मोठं घबाड मिळालंय, तर आपल्यावरचा कर आता कमी होणार की नाही?

आमचे अप्पा या लोकांत पुढे असायचे. चाळीतल्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेले, मग वडिलांबरोबर भुसाराच्या दुकानात बसलेले. विक्रीकराचं नाव निघालं की त्यांचा आवाज चढायचा. दुकानं बंद ठेवून जो मोर्चा कलेक्टर कचेरीवर गेला होता, त्यात ते पहिल्या रांगेत होते. त्यांच्या एकुलत्या एक मुलीने अर्थशास्त्रात एम.ए. करावं आणि कॉलेजात तोच विषय शिकवावा, याचं त्यांना नेमकं काय वाटत होतं ते मला कधी कळलं नव्हतं. कुणी विचारलं तर ते सांगायचे, "कॉलेजात असती," आणि विषय बदलायचे.

चिटणिसांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमचा विषय हाच की!"

"तिला?" अप्पा म्हणाले. "नको. लोक म्हणतील मंडळात सगळा घरचाच कारभार हाय."

"मग बंद करतो. पत्रकं वाटून झाल्यात, काय करणार?"

अप्पांनी हातातली ज्वारी नमुन्याच्या पुडीत परत टाकली. मग मला विचारलं, "येतंय का तुला त्यातलं?"

"येतंय. वर्गात शिकवते मी."

"वर्गातली पोरं हजेरीसाठी बसतात. हितं व्यापारी असणार. आवडलं न्हाई की सरळ उठून जातात."

"जाऊ देत की," मी म्हणाले.

हे मी कुठून बोलले कोण जाणे. अप्पांनी चिटणिसांकडे वळून मान डोलावली आणि पुन्हा ज्वारीच्या नमुन्यात हात घातला. तेवढ्यात सगळं ठरून गेलं.

उरलेली दुपार मी कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. जुने पेपर, अर्थसंकल्पाची भाषणं, राज्यघटनेचं जाडजूड पुस्तक. भूगोलाच्या सरांना गाठून समुद्राचा तळ किनाऱ्यापासून कसा उतरत जातो ते फळ्यावर काढून घेतलं. घरी आले तेव्हा डोक्यात इतकं काही भरलं होतं की एकही वाक्य सरळ निघेना. 'स्वामित्वधन', 'उपकर', 'निगम कर', 'अनन्य आर्थिक क्षेत्र'. आरशासमोर उभी राहून बोलून पाहिलं तर माझंच मला ऐकवेना.

अव्वा, माझी आई, स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. कडक भाकऱ्यांची चळत शेजारी होती. "काय पुटपुटतेस मघापासून?" तिने विचारलं. घरात आम्ही दोघी कानडीतच बोलायचो. मराठी ती बाजारापुरतं बोलायची.

"उद्याचं भाषण गं."

"मला सांग. माझे हात कामात आहेत, कान मोकळे आहेत."

मी कानडीत सांगू लागले आणि पहिल्याच वाक्याला अडखळले. स्वामित्वधनाला कानडीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. थोडा विचार करून म्हणाले, "होलद पालु." शेताचा वाटा. आपलं शेत दुसऱ्याने कसलं तर मालक म्हणून आपल्याला जो मिळतो तो.

"मग तसंच सांग की," अव्वा म्हणाली. "समुद्राचा मालक कोण?"

"सरकार. दिल्लीचं."

"आणि कसणारा?"

"कंपनी. तीसुद्धा सरकारचीच."

अव्वाचा हात थांबला. मग ती हसायला लागली. "म्हणजे मालकही तोच आणि कसणाराही तोच? मग वाटा कुणाला देतो?"

मीही हसले, पण हा प्रश्न उद्या कुणीतरी विचारणारच हे मला तिथेच कळलं. जेवण होईपर्यंत मी तिला सगळं कानडीत सांगितलं. जिथे जिथे शब्द मिळाला नाही, तिथे तिथे घरातली, दुकानातली, शेतातली गोष्ट शोधावी लागली. शेवटी तिने विचारलं, "मग आपल्याला गॅसची टाकी मिळणार का?" आमच्या घरी तेव्हा रॉकेलचा स्टोव्ह होता आणि टाकीसाठी नाव नोंदवून कितीतरी दिवस झाले होते. मी म्हटलं, कधीतरी मिळेल. ती म्हणाली, "हे मात्र उद्या बोलू नकोस. लोक तेवढंच धरून बसतील."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाचा हॉल भरला होता. मुंबईचे पाहुणे येणार नाहीत हे बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. टोप्या, फेटे, धोतरं, नव्या पिढीचे बुशशर्ट. कापडवाले, भुसारवाले, हातमागाच्या चादरींचे व्यापारी, एका कोपऱ्यात आपापसात तेलुगूत बोलणारे काही माग मालक. बायका म्हणाल तर मी आणि माझ्याबरोबर कॉलेजातून आलेल्या मराठीच्या बाई. अप्पा शेवटून दुसऱ्या रांगेत खांबाला टेकून बसले होते. दुकान लवकर बंद करून आले होते, पण मी दिसताच नजर दुसरीकडे वळवली.

अध्यक्षांनी पाहुणे येत नसल्याचं सांगून माझी ओळख करून दिली. माझ्या शिक्षणाबद्दल अर्धं वाक्य आणि अप्पांबद्दल पाच. त्यांनी 'आपलीच पोरगी हाय, सांभाळून घ्या' असं म्हणताच मागचे काहीजण उठले. चपला शोधण्याचा आवाज मला माईकपाशी ऐकू आला. मी साडीचा पदर नीट केला आणि पहिलं वाक्य बोलले.

"तुमच्यापैकी कुणाकुणाचं शेत दुसऱ्याकडे वाट्याने दिलेलं आहे?"

हात वर झाले. हसत, एकमेकांकडे बघत, पण झाले.

"मग मालकाचा वाटा म्हणजे काय ते तुम्हाला मी शिकवायला नको. समुद्राच्या तळाशी जो वायू आहे त्याचा मालक आपला देश आहे. तो जो काढेल, त्याने मालकाला वाटा द्यायचा. कागदावर त्याला स्वामित्वधन म्हणतात. हे झालं पहिलं उत्पन्न. वायू विकून कंपनीला जो नफा होईल त्यावर कर, हे दुसरं. आणि त्या वायूपासून जे खत होईल, जी वीज होईल, त्यावर पुढे काही ना काही कर लागेल, ते तिसरं."

चपला शोधणारे दोघे दारातच थांबले.

मी मग सांगितलं की जमिनीखालून तेल निघालं तर हा वाटा त्या राज्याला मिळतो. आसामला मिळतो, गुजरातला मिळतो. पण समुद्राखालचं जे काही आहे ते राज्यघटनेप्रमाणे केंद्राचं. म्हणून मुंबईसमोर वायू निघत असला तरी मालकाचा वाटा दिल्लीला जातो.

हॉलच्या मध्यातून एक म्हातारे गृहस्थ उठले. दक्षिणेकडच्या तालुक्यातले, मेंढ्यांची लोकर आणि घोंगड्या विकणारे. "थांबा की बाई," ते म्हणाले. "दिल्लीला कुटं समुद्र हाय?"

सगळा हॉल हसला. मलाही हसू आवरेना. हसू थांबल्यावर मी म्हणाले, "नाही ना. सोलापूरलाही नाही. म्हणूनच तो केंद्राचा ठेवलाय. नाहीतर समुद्र असलेल्या मोजक्या राज्यांनी सगळं घेतलं असतं आणि ज्यांना किनारा नाही ते राहिले असते बघत. आणि उद्या मुंबईही म्हणाली असती, मुंबईचा वाटा मुंबईलाच, मग आपल्यापर्यंत काय येणार होतं?"

म्हाताऱ्यांनी डोकं खाजवलं. "हां, ते बी खरंच," म्हणाले आणि बसले.

मग अव्वाचा प्रश्न आला, अगदी तिच्याच शब्दांत, फक्त मराठीतून. एका तरुण कापड व्यापाऱ्याने विचारलं, सरकारच कंपनी आणि सरकारच मालक, मग सरकार सरकारलाच कर देतं की काय? या खिशातलं त्या खिशात?

"तुमच्या दुकानातून घरात किराणा नेता तेव्हा खात्यावर मांडता की नाही?" मी विचारलं.

"मांडतो की. न्हाईतर धंदा चाललाय का बुडालाय कळणार कसं?"

"मग कंपनीनेही मांडायचं. कंपनीने वाटा आणि कर भरला नाही तर तो पैसा तिच्याच कारभारात मुरेल. भरला तर तो संसदेसमोर येतो, आणि कुठे खर्चायचा ते तुम्ही निवडून दिलेली माणसं ठरवतात. खिसे दोन्ही सरकारचेच, पण एका खिशाचा हिशेब सगळ्यांना बघता येतो."

आता मला भीती वाटत नव्हती. हॉल माझ्याबरोबर होता. लोक पुढे वाकून ऐकत होते, शेजाऱ्याच्या कानात सांगत होते. हे वर्गात मला कधी मिळालं नव्हतं. आणि तेवढ्यात खांबापासून अप्पा उभे राहिले.

ते विचारतील असं मला वाटलंच नव्हतं. टोपी काढून पुन्हा नीट घातली, घसा खाकरला.

"बाई," ते म्हणाले. मला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बाई म्हटलं. "तुमी लई चांगलं समजावून सांगताय. पण आमचा मुद्दा राहिला. सरकारला समुद्रातनं अशी आयती मिळकत व्हायला लागली. मग आमच्यावरचा कर आता कमी करायला नको का? हे सगळे व्यापारी हेच ऐकायला आल्यात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनीही टाळ्या वाजवल्या. मी 'हो' म्हटलं असतं तर सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं असतं, आणि संध्याकाळ तिथेच गोड झाली असती. मी अप्पांकडे पाहिलं. ते सरळ माझ्याकडे बघत होते. दुकानात समोरचा भाव सांगतो तेव्हा बघतात तसे.

"नाही," मी म्हणाले. "या पैशातून कर कमी करू नये असं माझं मत आहे."

एकदम गलका झाला. कुणी 'ओ ऽ' केलं, कुणी 'सरकारी माणूस' म्हणालं. मी थांबले. माईकवरून ओरडायचं नाही हे मी ठरवलंच होतं. आवाज कमी झाल्यावर बोलले.

"शेत दरवर्षी पिकतं. यंदा काढलं तरी पुढच्या वर्षी पुन्हा येतं. समुद्रातला वायू तसा नाही. जितका काढला तितका कमी झाला, पुन्हा भरत नाही. त्यामुळे ही पिकाची मिळकत नाही, ही शेत विकल्याची मिळकत आहे. साहेब, तुम्ही मला एक सांगा." मी अप्पांना साहेब म्हटलं, कारण तिथे दुसरं काय म्हणावं ते मला सुचेना. "उद्या तुम्ही दुकानाची जागा विकली. त्या पैशातून रोजचा घरखर्च चालवाल का?"

अप्पा उभेच होते. त्यांच्या उत्तराची सगळेच वाट पाहत होते, आणि ते विचार करत होते हे मला इतक्या लांबूनही दिसत होतं.

"न्हाई," ते शेवटी म्हणाले. "तसं करणार न्हाई. दुसरी जागा घेईन."

"सरकारनेही तेच करावं. दुष्काळात आपल्या जिल्ह्यातली माणसं खडी फोडत होती, तलाव खणत होती. तुम्ही पाहिलंय ते. त्या कामांना पैसा करातूनच आला. समुद्राचा पैसा आला तर त्याचे तलाव व्हावेत, शाळा व्हाव्यात, दवाखाने व्हावेत. वायू संपल्यावरसुद्धा जे उरेल, ते. विक्रीकर जास्त असेल तर त्यावर जरूर भांडा, तुमच्याकडे तुमची कारणं आहेत. पण त्यासाठी समुद्राकडे बोट दाखवू नका."

अप्पा खाली बसले. टाळ्या या वेळी थोड्या उशिरा आल्या आणि पहिल्यापेक्षा कमी होत्या. पण घोंगडीवाले म्हातारे जोरजोरात वाजवत होते, आणि दारात थांबलेले दोघे आत येऊन बसले होते.

नंतर चहा झाला. अध्यक्ष माझ्याशी जरा तुटकच बोलले. चिटणीस मात्र हात जोडून म्हणाले, "ताई, मुंबईचे पाव्हणे आले असते तर एवढं भांडण झालं नसतं." ते कौतुक होतं हे कळायला मला एक क्षण लागला.

घरी जाताना अप्पा माझ्यापुढे चालत होते, नेहमीसारखे. बाळीवेशीच्या चौकापर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं रागावले. चारचौघांत वडिलांना नाही म्हणणं आमच्याकडे साधी गोष्ट नव्हती. मग ते थांबले, मी बरोबर येईपर्यंत थांबून राहिले आणि म्हणाले, "मला सगळं पटलेलं न्हाई."

"बरं."

"कर कमी व्हायलाच पायजे. मी मोर्चाला जाणारच."

"जा की."

"पण जागा विकायचं बरोबर बोललीस." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "मला वाटलं, बापाने विचारलं म्हणून गुळमुळीत काहीतरी सांगशील. न्हाई म्हणालीस ते बेस केलंस."

त्यानंतर ते माझ्यापुढे चालले नाहीत. घरापर्यंत आम्ही शेजारी शेजारी गेलो. अव्वा दारातच उभी होती. शेजारचा पोऱ्या आमच्या आधी पळत येऊन तिला सगळं सांगून गेला होता. "छलो माताडिदी अंत," ती म्हणाली, छान बोललीस म्हणे, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

पुढच्या काही दिवसांत मला एक गंमत कळली. घरी अप्पा माझ्याशी कडाकडा वाद घालायचे, पण दुकानात गिऱ्हाइकांसमोर माझीच बाजू मांडायचे. मी एकदा माडीच्या जिन्यात उभी राहून ऐकलं. तूर घ्यायला आलेल्या एका माणसाला ते सांगत होते, "समुद्राचा पैसा म्हंजी शेत विकल्याचा पैसा. खायचा नसतो तो. माझी मुलगी अर्थशास्त्राची प्राध्यापक हाय, तिला विचारा." अर्थशास्त्र हा शब्द त्यांनी अगदी सावकाश, नीट उच्चारला. मी जिन्यातच बसले. मला तोवर वाटत होतं की माझ्या शिक्षणाचं त्यांना ओझं आहे.

पुढच्या वर्षी माढ्याहून बोलावणं आलं, मग आणखी दोन-तीन गावांहून. विषय तोच. अप्पा प्रत्येक ठिकाणी बरोबर यायचे. एस.टी.त माझ्यासाठी खिडकीची जागा धरायचे, आणि व्याख्यानात पुढच्या रांगेत बसून मोठ्याने प्रश्न विचारायचे. लोकांना वाटायचं हे कुणी विरोधी पक्षाचे असणार. माढ्याला तर चार जण त्यांना गप्प बसवायला उठले, तेव्हा मला माईकवरून सांगावं लागलं, "बोलू द्या त्यांना, ते माझे वडील आहेत." अख्खी सभा मागे वळून त्यांच्याकडे बघायला लागली. अप्पा लाजले, पण प्रश्न पूर्ण केला.

माढ्याहून परत येताना त्यांनी अचानक विचारलं, "समुद्र बघितलायस का तू?"

खरं तर मी समुद्र पाहिलाच नव्हता. पुण्यापर्यंत गेले होते, पलीकडे कधी नाही.

"न्हाई बघितला?" ते म्हणाले. "आणि एवढं बोलतेस? मी पण न्हाई बघितला. जाऊ या."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे मुंबईला गेलो. अप्पांच्या ओळखीचे एक धान्य व्यापारी होते, त्यांच्याकडे उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेलो. अव्वा नऊवारीचा काठ उचलून थेट पाण्यात शिरली आणि लाट पायावर आली की लहान मुलीसारखी मागे सरकायला लागली. अप्पा चप्पल हातात धरून वाळूवर उभे होते. कितीतरी वेळ ते नुसते पाण्याकडे बघत होते. ना मनोरा दिसत होता, ना जहाज, ना जाळ. नुसतं करडं पाणी आणि आभाळ.

"हितं कुटं काय दिसत न्हाई," ते म्हणाले.

"खूप लांब आहे अप्पा. इथून दिसणार नाही."

शेजारी एक शहाळीवाला होता. अप्पांनी तीन शहाळी घेतली आणि त्याला विचारलं, "आत समुद्रात गॅस निघतोय, माहीत हाय का तुमाला?"

"ऐकलंय," तो म्हणाला.

"त्याचा पैसा कुटं जातो, ठाऊक हाय?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. अप्पा त्याच्या गाडीला टेकून उभे राहिले आणि मला जवळ बोलावलं. "ये," म्हणाले, "सांग ह्यांना. नीट सांग, पहिल्यापासून."

शहाळीवाल्याने कोयता बाजूला ठेवला. मी अप्पांकडे पाहिलं. ते हसत होते आणि ते हसू लपवायचा प्रयत्नही करत नव्हते. मी शहाळं वाळूत ठेवलं आणि त्याला विचारलं, "तुमचं गावाकडे शेत आहे का?"